इथेनॉलसाठी फ्युएल पंप: २५५ की ४५०, हे ठरवण्याआधी पिनांवरचे व्होल्ट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो इंजिन. ट्यूनिंग करून २०० एचपीच्या आसपास न्यायची आहे, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) साधारण एक बार. पुण्यातून साताऱ्याला ई१०० आणून पेट्रोलमध्ये मिसळून ई८५ करायचा विचार आहे (‘ई’ पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के). त्यासाठी तासाला २५५ लिटर देणारा पंप घ्यावा की सरळ ४५० चा, आणि मूळ वायरिंगवर तो चालेल का?

मी बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो, त्यातली बरीच रॅली आणि ट्रॅकच्या गाड्यांवर. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी ‘कुठला पंप घेऊ’ असाच येतो. गाडीची खरी अडचण निराळी असते. इंजिन पूर्ण जोरात असताना रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर टिकायला हवं. ते पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच पंपाच्या दोन पिनांवर त्या क्षणी किती व्होल्ट पोचतात यावर असतं. चांगला पंप उपाशी ठेवून ‘पंप कमी पडतो’ म्हणणारे लोक मी खूप पाहिलेत. म्हणून आधी हिशोब, मग पंप, मग वायर.

हिशोबापूर्वी एक गोष्ट. तुम्ही कुठल्या इंधनाशी तुलना करताय, यावर आकडे बदलतात. परदेशी लेखांत ‘ई८५ ला चाळीस-पंचेचाळीस टक्के जास्त इंधन लागतं’ असं असतं, ते शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण (वजनाने) १४.७, शुद्ध इथेनॉलला ९, ई८५ ला साधारण ९.८. आपल्या पेट्रोल पंपावर आज मिळतं ते ई२०, आणि त्याचं प्रमाण आधीच १३.५ च्या आसपास उतरलेलं आहे. त्यामुळे आजच्या इंधनापासून ई८५ पर्यंत जाताना आकारमानाने सुमारे एक तृतीयांश जास्त इंधन लागेल.

जाता जाता, हा प्रश्न वाचून घाबरलेल्या इतरांसाठी: नुसत्या ई२० साठी कुणीही पंप बदलायची गरज नाही. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत प्रवाहातली वाढ सात-आठ टक्क्यांची असते, ती मूळ पंपाच्या आवाक्यात असते. जुन्या गाडीत काळजी करायची ती रबराची, म्हणजे होज, ओ-रिंग आणि टाकीतल्या सीलची. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांत हे भाग ई२० धरूनच दिलेले आहेत.

आता तुमची गाडी. २०० एचपी म्हणजे सुमारे १४७ किलोवॉट. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना पेट्रोलवर दर किलोवॉट-तासाला साधारण ३३० ग्रॅम इंधन धरतो. तासाला ४८ किलोच्या वर, म्हणजे ६५ लिटर. ई८५ साठी तेच ९०-९५ लिटर. वर वीस टक्के राखीव ठेवा, ११० झाले. तासाला ११० लिटर, पण कुठल्या प्रेशरला? रेलमधलं प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर तीन बारचा असेल तर एक बार बूस्टला पंपाला चार बारच्या विरुद्ध ढकलावं लागतं. (रेग्युलेटरवर काय छापलंय ते स्वतः वाचा, मधल्या मालकाने बदललेला असू शकतो.) खोक्यावरचा २५५ हा आकडा बहुधा पावणेतीन-तीन बार आणि साडेतेरा व्होल्टचा असतो. चार बारला तो खाली येतो आणि व्होल्ट घटले की आणखी. तरी तुमच्या कामाला तो भरपूर पुरतो. ४५० ची तुम्हाला काहीही गरज नाही.

‘मोठा घेतला तर बिघडलं काय?’ असं तुम्ही विचाराल. बिघडतं. आयडलला इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं, बाकी सगळं इंधन रेलमधून फिरून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. मूळ रिटर्नची नळी आणि रेग्युलेटर एवढ्या लोंढ्यासाठी केलेले नसतात. प्रेशर तीनच्या जागी साडेतीन-चारला अडकतं आणि आयडलचं ट्यूनिंग हातात येत नाही. शिवाय इंजिनाची उष्णता घेऊन इंधन सतत टाकीत परतत राहतं. मे महिन्यात टाकीचा पाव भाग भरलेला असताना ते इतकं तापतं की पंप वाफेने घुटमळायला लागतो. आणि मोठा पंप करंटही तसाच ओढतो. २५५ वर्गाचा चार बारला आठ-दहा अँपिअर घेत असेल, तर ४५० चा पंधराच्या आसपास जातो.

निवडताना आकड्यापेक्षा एक गोष्ट जास्त बघा: तो पंप इथेनॉलसाठी बनवलेला आहे का? वालब्रोचा जीएसएस३४२ हा प्रसिद्ध ‘२५५’ पेट्रोलसाठीचा आहे. त्यावर ई८५ चालवणारे आहेत, चालतोही काही काळ, पण तो त्यासाठी दिलेला नाही. पेट्रोल वीज वाहत नाही म्हटलं तरी चालेल, इथेनॉल वाहतं. पंपाची मोटर इंधनात बुडूनच फिरते, त्यामुळे तांब्याच्या कम्युटेटरची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या पट्ट्यांची) झीज इथेनॉलमध्ये लवकर होते. म्हणून इथेनॉलच्या पंपांत कम्युटेटर कार्बनचा असतो. एईएमचा ३२० लिटरचा ई८५ पंप त्या जातीचा आहे, आणि तुमच्या गाडीसाठी मी त्या वर्गाच्या वर जाणार नाही. बसवल्यावर आयडलचं प्रेशर तपासायचंच. घ्याल तो पंप मात्र बिलासकट, खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या. नकली पंपांचा सुळसुळाट आहे. बाहेरून ओळखू येत नाहीत, चार बार प्रेशर आलं की उघडे पडतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो.

मूळ वायरिंग कंपनीने मूळ पंपाच्या करंटसाठी दिलंय. त्यात चूक काही नाही, पण ते आता वीस वर्षं जुनं आहे. हिशोब करून बघा. तांब्याच्या एक स्क्वेअर एमएम वायरचा रोध दर मीटरला सुमारे १८ मिलिओहम. बोनेटपासून मागच्या सीटपर्यंत साडेचार मीटर धरा, ०.०८ ओहम झाले. त्यातून १२ अँपिअर गेले की जवळजवळ एक व्होल्ट नुसत्या प्लसच्या वायरमध्ये गेला. वर जुन्या रिलेचे काळवंडलेले पॉइंट, फ्यूजची सैल पकड, टाकीच्या झाकणावरचा कनेक्टर आणि परतीची अर्थ. अल्टरनेटर १४ देत असताना पंपावर सव्वाबारा व्होल्ट मी कितीदा तरी मोजलेत. साडेतेराचे बारा झाले की प्रवाह ढोबळमानाने सहावा-पाचवा हिस्सा घटतो, आणि प्रेशर जितकं जास्त तितकी ही घट जास्त. चार स्क्वेअर एमएमची वायर घातली तर त्याच साडेचार मीटरला ०.०२ ओहम, म्हणजे पाव व्होल्ट. म्हणून ‘मूळ वायरिंगवर चालेल का’ याचं माझं उत्तर: पंप फिरेल, पण नेमका ज्या क्षणी लागतो त्या क्षणी कमी देईल. इथेनॉलवर, बूस्टखाली, प्रेशर पडणं म्हणजे मिश्रण लीन होणं, हवेच्या मानाने इंधन कमी पडणं. पुढे पिस्टनचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल.

मी जोडणी अशी करतो. बॅटरीच्या प्लसवर थिंबल, तिथून वीतभराच्या आत फ्यूज. तुमच्या पंपाला २० अँपिअरचा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. पंपाजवळ बसवलेला फ्यूज मधल्या चार मीटर वायरीला वाचवत नाही. पुढे चार एमएम वायर फायरवॉलच्या ग्रॉमेटमधून आत, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागच्या सीटखाली. तिथे ४० अँपिअरचा रिले: आलेली वायर ३० नंबरला, ८७ वरून पंपाच्या प्लसला. पंपाकडे आधी जाणारी मूळ प्लस वायर आता रिलेच्या ८६ ला आणि ८५ बॉडीला. म्हणजे गाडीचा मूळ मेंदू (ईसीयू), मूळ रिले, मूळ फ्यूज सगळं जागेवर राहतं. ते आता फक्त आपल्या रिलेला हुकूम देतात, जड करंट नव्या वायरीतून जातो.

हा हुकूम मूळ वायरीतूनच घ्या, यावर मी अडून बसतो. काही जण रिलेचा ट्रिगर सरळ इग्निशनवरून घेतात, सोपं पडतं म्हणून. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू पंप बंद करतो. अपघातात गाडी उलटली, इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर इग्निशनवरचा पंप मिनिटाला चार-पाच लिटर इंधन बाहेर ओतत राहील. असं जोडलेली गाडी माझ्याकडे आली तर ते सुधारल्याशिवाय मी ती बाहेर सोडत नाही, मग मालक कितीही घाईत असो.

परतीच्या वायरीकडे सगळे दुर्लक्ष करतात. पंपाचा मायनसही चार एमएमचाच, सीटखाली बॉडीवर स्वतंत्र बोल्टला, रंग खरवडून, वर दातेरी वॉशर, आणि घट्ट झाल्यावर गंज लागू नये म्हणून वरून रंगाचा हात. प्लसवर एवढा खर्च करून मायनस जुन्या बारीक वायरीवर ठेवला तर निम्मं काम वाया जातं.

वायरीबद्दल दोन सावधगिरीच्या सूचना. घरगुती फिटिंगची चार एमएम वायर दिसायला तशीच असते, पण तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांचं असतं. बोनेटखाली ऑटोमोटिव्ह दर्जाची, १०५ अंशांची तरी घ्या. आणि साउंड सिस्टिमच्या अ‍ॅम्प्लिफायर किटमधली स्वस्त वायर बहुतेक वेळा आतून अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असते. टोक ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं. ती वापरू नका. थिंबल योग्य पक्कडीने क्रिंप करा, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. पिळून टेप गुंडाळलेला जोड पंपाच्या लाइनवर कुठेही नको.

इथपर्यंतचं काम टाकीबाहेरचं. टाकीच्या आत जास्त नाजूक मामला आहे आणि तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका रॅलीच्या गाडीत स्टेजच्या मध्यावर प्रेशर पडायचं. व्होल्ट उत्तम, फिल्टर नवा. मी पंप बदलला, पुन्हा तेच. दुसरा बदलला, पुन्हा तेच. शेवटी पंपापासून झाकणापर्यंतची बोटभर लांबीची होज काढून वाकवली, तर तिला बाजूने चीर. इंधन टाकीतल्या टाकीतच गळत होतं, बाहेर एक थेंब नाही. ती साधी फ्युएल होज होती. ती आतून इंधन वाहून नेण्यासाठी असते, बाहेरूनही बुडून राहण्यासाठी नसते. टाकीच्या आत एसएई ३०आर१० अशी छाप असलेलीच होज लागते. तुकडा छोटा, किंमत जास्त, पण पर्याय नाही. क्लॅम्पही इंजेक्शनच्या जातीचे, गोल दाबणारे घ्या.

दुसरी जागा म्हणजे झाकणातून आरपार जाणाऱ्या पिना. बाहेर चार एमएम वायर आणली आणि शेवटच्या चार सेंटिमीटरला मूळ बारीक पिना ठेवल्या, तर सगळी उष्णता तिथे साठते. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग पिना सैल होतात. २५५-३२० च्या पंपाला चांगल्या स्थितीतल्या पिना कधी कधी पुरतात, ते झाकण पाहूनच कळेल. जराही रंग बदललेला असला तर स्वतंत्र सीलबंद स्टडचा जोड बसवून घ्या. आतल्या वायरींचं आवरण इथेनॉलला टिकणारं, पीटीएफई किंवा ईटीएफईचं हवं. उघडं तांबं इथेनॉलमध्ये बुडून, वर १२ व्होल्ट मिळाले की हळूहळू खाल्लं जातं.

हे एवढ्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. टाकीतल्या पेट्रोलची वाफ साधारणतः इतकी दाट असते की हवेअभावी ती टाकीत पेटत नाही. इथेनॉल कमी वाफ देतं. जवळजवळ शुद्ध इथेनॉलच्या टाकीतली वाफ आपल्या रोजच्या तापमानात, ढोबळमानाने १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान, नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात असू शकते. ई८५ मधलं थोडं पेट्रोल वाफ दाट ठेवायला मदत करतं, पण त्या भरवशावर टाकीत ठिणगी पडेल असा सैल जोड ठेवू नका. त्यातून इथेनॉलची ज्योत भर उन्हात नीट दिसत नाही. काम करताना बॅटरी सोडवा, प्रेशर उतरवा, टाकी शक्य तितकी रिकामी करा, मोकळ्या हवेत करा आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत नको.

आता इंधन. पुण्यात जून २०२१ मध्ये ई१०० च्या प्रायोगिक पंपांची सुरुवात झाली, आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणलं. नावात १०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी थोडं पेट्रोल आणि मिश्रण टिकवणारं द्रव्य. त्यामुळे ई८५ करायला ४५ लिटरमध्ये ४० लिटर ई१०० आणि ५ लिटर ई२० लागेल. एवढं इंधन तुम्ही साताऱ्याला दर वेळी नेणार कसं, हा खरा प्रश्न आहे. मी तुमच्या जागी असतो तर ई५० वर थांबलो असतो: २० लिटर ई१०० आणि ३० लिटर ई२०, मिळून ४९ टक्के. नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचं अवेळी, धक्क्याने पेटणं) रोखण्याचा फायदा तिथपर्यंत बराचसा हाती येतो आणि पंप, इंजेक्टर, थंडीतलं स्टार्टिंग, सगळ्यांवरचा ताण कमी राहतो. हिवाळ्यात पहाटे महाबळेश्वरला ई८५ वर गाडी सुरू करून बघितलीत की मी काय म्हणतो ते पटेल. शेवटी निर्णय तुमचा, पण ट्यूनिंग ज्या टक्क्यावर केलं त्याच टक्क्याचं इंधन दर वेळी हवं. ते जमणार नसेल तर इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर आणि त्याला समजून घेणारा ईसीयू, हे पंपाच्या आधी घ्या.

इंजेक्टरांचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पंप पुरला आणि इंजेक्टर शंभर टक्के उघडे राहिले तर काही उपयोग नाही. तुमच्या ट्यूनरला आजच्या लॉगमधला ड्यूटी सायकल, म्हणजे इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात ते, विचारा. आज ऐंशीच्या आसपास असेल तर इंजेक्टरही बदलावे लागणार.

इथेनॉल जुन्या टाकीत बसलेला वर्षांचा चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून नवा फिल्टर आता, आणि दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा एक. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत इथेनॉल ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीशी विसंगत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. उद्या काही घडलं तर विमा कंपनीही याच गोष्टीवर बोट ठेवेल. मी ही कामं ट्रॅक आणि स्पर्धेच्या गाड्यांवर करतो. तुमची गाडी रोज रस्त्यावर असेल, घरची माणसं त्यात बसत असतील, तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

याच पानावर आणखी कुणाची नवीन पिढीची गाडी असेल तर सावध: बऱ्याच नव्या गाड्यांत पंपाला सरळ १२ व्होल्ट जात नाहीत, एक मॉड्यूल पल्स देऊन त्याचा वेग कमी-जास्त करतं. त्या वायरीवर वरचा रिले लावला तर तो थरथरत राहील. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजिनावर वेगळा हाय प्रेशर पंपही असतो. तिथे टाकीतला पंप मोठा करून प्रश्न सुटत नाही.

तुमच्यासाठी पहिलं काम एकही रुपया न खर्चता होण्यासारखं आहे. मागची सीट उचला, झाकण उघडा, इंजिन चालू करा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर ठेवा (लांब वायर जोडून घ्या). जो आकडा येईल तो प्लसच्या बाजूला वाया जाणारा व्होल्टेज. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. तुमच्या गाडीत ती आजच्या छोट्या पंपावर किती येते ते बघा. झाकणावरच्या कनेक्टरचा जवळून फोटो काढा. हे दोन आकडे, तो फोटो आणि रेग्युलेटरवर छापलेला आकडा इथे टाका. मग पिना ठेवायच्या की स्टड बसवायचे, हे नक्की सांगतो.